साने गुरुजी, नळदुर्गचं 'आपलं घर' आणि आपण

'श्यामची आई' माहीत नाही असं मराठी घर क्वचितच सापडेल. साने गुरुजींनी ही कादंबरी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. गरीब घरातली साधी माणसं आणि लहान मुलं हाच तिचा विषय.

पण आंबेडकरी तरुणांनी ती डोळसपणे वाचावी. एका प्रसंगात आई श्यामला वृद्ध महार स्त्रीच्या डोक्यावर मोळी चढवून द्यायला सांगते. घरी आल्यावर आंघोळही करायला सांगते. इथं दया आहे, समता नाही. गुरुजी मात्र तिथंच थांबले नाहीत. मे १९४७ मध्ये पंढरपूरचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी उपोषण केलं. बाबासाहेब तोवर मंदिराची वाट सोडून पुढे गेले होते. येवल्याची धर्मांतराची घोषणा १९३५ ची. मार्ग वेगळे होते, हे मान्य करूनही गुरुजींचा प्रामाणिकपणा नाकारता येत नाही.

त्यांच्या विचारावर वाढलेल्या राष्ट्र सेवा दलाचं एक काम आपल्या जिल्ह्यात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात हजारो माणसं गेली आणि कितीतरी मुलं पोरकी झाली. पन्नालाल सुराणा आणि सहकाऱ्यांनी त्या मुलांसाठी नळदुर्गला 'आपलं घर' उभं केलं. पुस्तकातली माया इथं निवारा, जेवण आणि शाळा झाली.

आपल्याला ही वाट नवी नाही. नळदुर्गहून हायवेने तासाभरावर असलेल्या सोलापुरात बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्येच विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं होतं. मंदिराच्या पायरीपेक्षा मुलाच्या हातातलं पुस्तक महत्त्वाचं, हे बाबासाहेबांनी फार आधी ओळखलं होतं.

आज गावोगावी जयंतीची वर्गणी जमते, मिरवणूक निघते. त्याच वर्गणीतला ठरावीक वाटा एका अभ्यासिकेसाठी किंवा ऊसतोड मजुराच्या मुलाच्या वसतिगृहाच्या खर्चासाठी बाजूला काढता येईल. कारखाने सुरू झाले की आईबाप फडावर जातात आणि मुलाची शाळा सुटते. ते मूल अनेकदा आपल्याच वस्तीतलं असतं.

तथागतांची करुणा म्हणजे नुसतं हळहळणं नव्हे. दुःखाचं कारण शोधून ते दूर करणं, ही तिची खरी कसोटी. आपल्या विहारात संध्याकाळी किती मुलं अभ्यासाला बसतात, ते या आठवड्यात मोजून पाहा. कामाची सुरुवात तिथूनच करू.

जय भीम.