दोन ग्राफिक्स कार्डे आणि कोरा पडदा

सभागृहात मुले येऊन बसली आहेत, प्रोजेक्टर लागला आहे, केबल घट्ट जोडली आहे. लॅपटॉपवर धडा स्वच्छ दिसत आहे आणि भिंतीवरचा पडदा मात्र कोरा. अशा वेळी पहिला दोष केबलकडे जातो, दुसरा प्रोजेक्टरकडे. पुढे यंत्र दुरुस्तीस गेले की 'मदरबोर्ड गेला' हा निकाल ऐकावा लागतो, आणि त्याचा खर्च ऐकून शाळा लॅपटॉप कपाटात ठेवून देते. ज्या लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स कार्डे असतात त्यांच्या बाबतीत हा निकाल पुष्कळदा घाईचा असतो.

दोन कार्डे कशाकरिता, असा प्रश्न साहजिक आहे. एक कार्ड प्रोसेसरच्या पोटातच असते. ते वीज बेताने खाते. दुसरे स्वतंत्र, बलवान आणि तितकेच खादाड. एनव्हिडियाने २०१० साली 'ऑप्टिमस' ही योजना आणली. तिच्यात लॅपटॉपचा स्वतःचा पडदा अंगभूत कार्डास जोडलेला असतो. जड काम आले की स्वतंत्र कार्ड जागे होऊन चित्र तयार करते आणि ते अंगभूत कार्डाच्या हवाली करते; पडद्यावर चित्र आणते ते अंगभूत कार्डच. काम संपले की बलवान कार्ड पुन्हा झोपी जाते, त्यामुळे बॅटरी अधिक टिकते.

खरी मेख आहे ती बाहेरच्या पोर्टमध्ये. एचडीएमआयचा पोर्ट कोणत्या कार्डास जोडावा हे लॅपटॉप बनविणारा ठरवितो. कोठे तो अंगभूत कार्डास जोडलेला असतो, कोठे थेट स्वतंत्र कार्डास. एकाच लॅपटॉपवरील एचडीएमआय आणि यूएसबी-सी हे पोर्ट दोन निरनिराळ्या कार्डांचे असू शकतात. काही यूएसबी-सी पोर्टांतून तर चित्र मुळीच बाहेर पडत नाही. घरात स्वयंपाकघराचा नळ एका टाकीवरून आणि परसातला दुसऱ्या टाकीवरून असला, तर स्वयंपाकघरात पाणी येते एवढ्यावरून परसातल्या टाकीविषयी काहीच कळत नाही. लॅपटॉपचा पडदा उजळला, म्हणजे अंगभूत कार्ड ठीक आहे एवढेच सिद्ध होते.

स्वतंत्र कार्ड बंद राहण्याची कारणे बहुधा साधी असतात. विंडोज नव्याने घातल्यावर त्याचा ड्रायव्हर घालावयाचा राहिलेला असतो, किंवा बॅटरी वाचावी म्हणून कोणी तरी ते कार्ड बंद करून ठेवलेले असते. उबुंटूत 'प्राइम-सिलेक्ट' या आज्ञेने 'इंटेल' निवडले, तर स्वतंत्र कार्डाच्या वाट्याचा पोर्टही त्याबरोबर मुका होतो.

प्रथम प्रोजेक्टरवर योग्य इनपुट निवडला आहे ना, ते पाहावे. विंडोज आणि पी ही बटणे एकत्र दाबून 'डुप्लिकेट' निवडावे. एवढ्याने न भागल्यास डिव्हाइस मॅनेजर उघडून 'डिस्प्ले अडॅप्टर्स'खाली दोन्ही कार्डांची नावे आहेत का ते तपासावे. 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' असे नाव दिसल्यास त्या कार्डाचा ड्रायव्हर नाही असे समजावे. नावाशेजारी खाली वळलेला बाण असल्यास कार्ड बंद केलेले आहे. ड्रायव्हर लॅपटॉपच्या उत्पादकाकडूनच घ्यावेत, दोन्ही कार्डांचे घ्यावेत, आणि मग यंत्र 'रीस्टार्ट' करावे. नुसते बंद करून चालू केल्याने विंडोज नेहमीच पूर्णपणे नव्याने सुरू होते असे नाही.

आणखी एक परीक्षा बिनखर्चाची आहे. केबल जोडून लॅपटॉप सुरू करावा. विंडोज येण्यापूर्वीच उत्पादकाचे बोधचिन्ह भिंतीवर उमटले, तर केबल, पोर्ट आणि कार्ड कामाचे आहेत. दोष ड्रायव्हरचा किंवा एखाद्या सेटिंगचा. न उमटल्यास मात्र पोर्ट मेला असे ठरत नाही, कारण पुष्कळ यंत्रे त्या वेळी स्वतःचाच पडदा वापरतात.

कित्येक शाळांत अजून जुन्या व्हीजीए जोडणीचे प्रोजेक्टर आहेत. तेथे एचडीएमआयवरून नुसत्या केबलने काम होत नाही; मध्ये संकेत बदलणारा कन्व्हर्टर लागतो.

कधी कधी स्वतंत्र कार्ड खरोखरच जळालेले असते. तरीही यूएसबी-सी पोर्ट अंगभूत कार्डाचा असून त्यातून चित्र बाहेर पडत असेल, तर एका अडॅप्टरवर धडा भिंतीवर येतो. तसा पोर्ट नसल्यास साध्या यूएसबीवर चालणारे डिस्प्ले अडॅप्टरही मिळतात. खेळांसाठी ते निरुपयोगी, पण नकाशे आणि आकृत्या दाखविण्यास पुरेसे. तेव्हा मदरबोर्ड बदलण्यास होकार देण्यापूर्वी कोणता पोर्ट कोणत्या कार्डाचा, एवढे दुरुस्ती करणाऱ्यास अवश्य विचारावे.