आधी उदाहरण, मग व्याकरण

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणजे शेजारचे काका. निवृत्तीनंतर त्यांनी हौसेने संगणक शिकून सभासदांची नावे, मेंटेनन्सची थकबाकी, सारे डेटाबेसमध्ये भरले. एकदा फ्लॅट विकून गेलेल्या सभासदाचे नाव काढायचे होते. काकांनी माहितीपुस्तिकेत 'डिलीट' आज्ञेचे पान उघडले. तिथे नुसते कंस आणि उभ्या रेघा! 'व्हेअर' हा भाग चौकोनी कंसात, म्हणजे ऐच्छिक होता. काकांनी तो गाळला आणि क्षणात अख्खी सोसायटी बेघर झाली! जुन्या रजिस्टरवरून यादी पुन्हा भरण्यात चार संध्याकाळी गेल्या.

पुस्तिका खोटे बोलली नव्हती. तो भाग नसला तरी आज्ञा चालते. पण मग ती सगळ्याच ओळी पुसते, हे दोन ओळींच्या उदाहरणाने चटकन कळले असते.

माहिती तक्त्यांत मांडण्याची कल्पना आयबीएमच्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली. तिथल्याच चेंबरलिन आणि बॉइस यांनी १९७४ मध्ये त्यासाठी इंग्रजी वाक्यांसारखी भाषा सुचवली. संगणकतज्ज्ञ नसलेल्यांनाही ती वापरता यावी, हाच तर हेतू! मग तिची पुस्तिकाच तज्ज्ञांसाठी का असावी?

चांगले नमुनेही आहेत. 'मायएसक्यूएल'च्या पाठात पाळीव प्राण्यांचा छोटासा तक्ता आहे. त्यात बाउझर नावाच्या कुत्र्याचे जन्मवर्ष मुद्दाम चुकवले आहे. ती चूक दुरुस्त करताना 'व्हेअर' लावून एकच ओळ कशी बदलायची, हे शिकणारा आपसूक शिकतो. जे प्राणी जिवंत आहेत, त्यांचा मृत्युदिनांकाचा रकाना रिकामा. 'माहिती नसणे' म्हणजे काय, हे सांगायला वेगळी व्याख्या लागत नाही. 'पोस्टग्रेस'चा पाठ तर स्पष्ट बजावतो, की अट नसलेली 'डिलीट' आज्ञा काहीही न विचारता तक्ता रिकामा करील.

शाळेच्या गणिताच्या पुस्तकात आधी सोडवून दाखवलेली उदाहरणे असत, मग उदाहरणसंग्रह. ती रीत इथेही का नको? कंसांचे व्याकरण जाणकारांसाठी जरूर ठेवावे, पण नवख्याच्या हाती आधी एक छोटा तक्ता, एक प्रश्न आणि त्याचे उत्तर द्यावे.

काकांनी आता पुढच्या सेक्रेटरीसाठी एक वही केली आहे. तिच्या पहिल्याच पानावर लिहिले आहे, 'आधी तीच अट घालून सिलेक्टने पाहा. एकच नाव दिसले, तरच डिलीट.'