नव्या काबिजादींतला नरम कारभार

कोलवाळच्या पुलावरून शापोरा नदी ओलांडली की बारदेश मागे राहतो आणि पेडणे सुरू होते. बारदेशात गावाच्या मध्यावर बहुधा इगर्ज म्हणजे चर्च दिसते, पेडण्यात देऊळ. दिवाडी बेटावरून फेरीबोटीने पलीकडे डिचोली तालुक्यातल्या नार्व्याला उतरले, तरी हाच फरक जाणवतो. 1961 पर्यंत या नद्यांच्या दोन्ही काठांवर राज्य पोर्तुगिजांचेच होते. मग एका काठावर कठोर वागणाऱ्यांनी दुसऱ्या काठावर हात सैल का सोडला? आणि हे सौम्य धोरण रोजच्या कारभारात कसे चालत होते?

पहिले उत्तर तारखांत आहे. तिसवाडी 1510 साली आणि बारदेश, साष्टी 1543 साली पोर्तुगिजांकडे गेली. या जुन्या काबिजादी, म्हणजे आधी काबीज केलेला मुलूख. तिथे सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली, हिंदूंच्या उघड धर्मकृत्यांवर बंदी आली आणि 1560 पासून इन्क्विझिशनचे न्यायासन बसले. दिवाडीवरचा सप्तकोटेश्वर नदीपलीकडे नार्व्याला न्यावा लागला तो याच काळात. तिथल्या देवळाचा 1668 साली शिवाजी महाराजांनी जीर्णोद्धार केला. नार्वे तेव्हा पोर्तुगीज हद्दीबाहेर होते, म्हणून हे शक्य झाले.

नव्या काबिजादींतले डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे तालुके पोर्तुगिजांकडे आले ते 1781 ते 1788 या काळात, सावंतवाडीच्या भोसल्यांकडून. पेडण्याचा तह 1788 चा. कोल्हापूरकरांशी झुंज चालू असल्याने सावंतवाडीच्या खेम सावंतांना मदत हवी होती, त्या बदल्यात पेडणे गेले. या अडीचशे वर्षांत राज्यकर्ते बरेच बदलले होते. 1739 मध्ये मराठ्यांनी वसई घेतली आणि पोर्तुगिजांच्या हातचा उत्तरेचा सुपीक प्रांत गेला. 1759 मध्ये पोर्तुगालचा मंत्री पोंबाल याने जेझुइटांना साम्राज्यातून हाकलले. उरलेल्या गोव्याभोवती आता त्यांना शांत, महसूल देणारा मुलूख हवा होता. म्हणून फोंडा आणि आसपासचे महाल घेतानाच, 1763 साली, तिथल्या लोकांचा धर्म, देवळे आणि रीतिरिवाज यांना हात लावणार नाही असे वचन सरकारने दिले. उत्तरेकडच्या तालुक्यांतही तेच धोरण चालले. पेडणे ताब्यात आले तेव्हा जुन्या गोव्यात इन्क्विझिशन अजून जिवंत होते. ते 1774 मध्ये बंद झाले, 1778 मध्ये पुन्हा उघडले आणि 1812 मध्ये कायमचे संपले. तरीही पेडण्याची भगवती आपल्या जागेवर राहिली आणि शिरगावच्या लईराईची जत्रा बंद पडली नाही.

वचन देणे सोपे असते. ते चालते ठेवायला माणसे लागतात आणि कागद लागतो. माणसे सरकारने बदलली नाहीत. गावात गावकर, महालात देसाई, सत्तरीत राणे अशी जुनी उतरंड राहू दिली आणि त्यांची वतने, इनामे पुष्कळ अंशी चालू ठेवली. पेडण्याच्या देशप्रभूंना तर पुढे पोर्तुगीज दरबाराने व्हायकाउंट ही पदवीही दिली. सामान्य रयतेचा सरकारशी संबंध येई तो या मंडळींमार्फत, त्यामुळे राज्य बदलल्याचा धक्का घरापर्यंत कमी पोचला.

कागदाची गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. लग्न, दत्तक, वारसा, एकत्र कुटुंबाची मालमत्ता यांत कोणाचा रिवाज खरा धरायचा, हा प्रश्न न्यायाधीशासमोर रोज येई. त्याला ना भाषा ठाऊक, ना चाल. म्हणून 1853 साली नव्या काबिजादींतल्या रहिवाशांच्या रूढी आणि रिवाजांची संहिता सरकारने मंजूर केली. ती पोर्तुगीज आणि मराठी अशा दोन्ही भाषांत छापली गेली. ज्याच्यावर कायदा चालणार त्याला तो आपल्या भाषेत वाचता येणे, हीच मला या सगळ्या सौम्यपणातली सर्वांत खरी गोष्ट वाटते. पुढे पोर्तुगालची 1867 ची नागरी संहिता 1870 पासून गोव्यात लागू झाली, तेव्हाही या रिवाजांना त्यातून सूट मिळाली. 1880 च्या डिसेंबरात गोव्यातल्या सर्वच हिंदूंसाठी नवी संहिता आली. नव्या काबिजादींत सुरू झालेली सवलत अशी नदी ओलांडून जुन्या काबिजादींत पोचली.

पण 1853 या सालाकडे नीट पाहायला हवे. आदल्याच वर्षी, 1852 मध्ये, दीपाजी राण्यांनी सत्तरीत नाणूसचा किल्ला घेऊन बंड पुकारले होते आणि ते 1855 पर्यंत चालले. संहिता मंजूर झाली ती बंड पेटलेले असताना. सरकारला देवाधर्माबाबत नरम राहायला जड गेले नाही. जमीन, सारा आणि वतनदारांचे हक्क यांचा प्रश्न आला की मात्र हात आवळला जाई. राण्यांची बंडे पुढेही होत राहिली. 1895 चा उठाव तर आफ्रिकेत पाठवल्या जाणाऱ्या मराठा शिपायांच्या नकारातून पेटला. हा सौम्यपणा दयेतून आलेला नव्हता. तो गरजेतून आला आणि लोकांनी तो धाकात ठेवला.

देवस्थानांचा कारभार मात्र आजही त्या काळाच्या चौकटीत चालतो. 1886 च्या आणि नंतर 1933 च्या नियमावलीने देऊळ महाजनांच्या, म्हणजे देवळाच्या वंशपरंपरागत हक्कदारांच्या, हाती ठेवले. महाजन आपली समिती निवडतात आणि ती तीन वर्षे कारभार पाहते. जमाखर्चावर तालुक्याच्या मामलेदाराची देखरेख असते. पूजा कशी करायची हे देऊळ ठरवते, हिशेब कसा ठेवायचा हे सरकार. पेडणे-डिचोलीत देवळाचा तंटा उभा राहिला की अजूनही पहिली धाव मामलेदाराकडेच असते.

आता एक अवघड बाजू. रिवाजाला हात लावायचा नाही असे ठरले की घरात जो बलवान त्याचाच रिवाज टिकतो. 1880 च्या संहितेत हिंदू पुरुषाला पत्नी हयात असताना दुसरे लग्न करण्याची मुभा काही अटींवर राहिली: पत्नीला पंचविशीपर्यंत मूलच झाले नाही, किंवा तिशी पुरी होऊनही मुलगा झाला नाही, किंवा वय त्याहून कमी असताना मुलगा नाही आणि शेवटच्या गरोदरपणाला दहा वर्षे लोटली. समाजाशी सौम्य असलेला हा कायदा त्या समाजातल्या बाईशी कठोरच राहिला. मुक्तीनंतर, 1962 च्या कायद्याने जुने कायदे चालू ठेवले आणि त्यांबरोबर हे कलमही आले. गोव्याच्या समान नागरी कायद्याचे देशभर कौतुक होते आणि त्यात कौतुकाजोगे पुष्कळ आहे. म्हणूनच विधानसभेने हे कलम स्पष्ट शब्दांत रद्द करावे. आता ते कोणी वापरत नाही, हे ते ठेवण्याचे कारण होऊ शकत नाही.