आंकड्यांचा पत्ता

गेल्या वैशाखांत आमचा नातू युसूफ वडगांवास घरीं आला तो उतरलेल्या चेहऱ्यानें. केज तालुक्यांतील पर्जन्यमानावरील त्याच्या प्रबंधाचें एक प्रकरण परीक्षकांनीं परत पाठविलें होतें. ज्या संकेतस्थळावरून त्यानें पावसाचे आंकडे घेतले, त्याचा पत्ता टीपेंत होता. परंतु तो उघडून पाहतां तेथें कांहींच नव्हतें. आंकडे खरे, साक्षीदार मात्र नाहींसा!

आम्हीं त्यास पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांतील एका पोथीची हकीकत सांगितली. डॉ. ब्यूलर यांनीं काश्मीरांतून आणलेली, भूर्जपत्रावर शारदा लिपींत लिहिलेली ही ऋग्वेदाची पोथी. तिचा क्रमांक '५, सन १८७५-७६', म्हणजे त्या वर्षाच्या सरकारी यादींतील पांचवी. हा संग्रह पूर्वीं डेक्कन कॉलेजांत असे. १९१८ सालीं तो या मंदिराकडे आला. इमारत बदलली, कपाटें बदललीं, राज्यही बदललें; क्रमांक तोच राहिला. जुन्या ग्रंथांतील टीप वाचून आजही नेमकी तीच पोथी मागतां येते.

नातू म्हणाला, "आजोबा, संगणकावरील आंकड्यांसही आतां असाच क्रमांक मिळतो." त्यास 'डीओआय' म्हणतात. हे क्रमांक चालविणारी संस्था १९९८ सालीं निघाली. केवळ संशोधनाच्या आंकड्यांकरितां 'डेटासाइट' ही संस्था २००९ सालीं लंडन येथें स्थापन झाली. युक्ति साधी आहे. टीपेंत क्रमांक द्यावयाचा. त्या क्रमांकाचा आजचा पत्ता कोणता, याची नोंद मध्यवर्ती वहींत असते. आंकडे अन्यत्र हलले कीं राखणारानें नोंद बदलावी; छापलेली टीप तशीच चालते. दुरुस्त आवृत्तीस निराळा क्रमांक देतां येतो, आणि ते आंकडे पुढें कोणीं कोणीं आधारास घेतले याचाही माग लागतो. अर्थात् राखणारानें आळस केला तर क्रमांकही आंधळाच! जी पोथी कारकुनानें भलत्या कपाटांत ठेविली, ती यादी पाहून थोडीच सांपडते?

तें प्रकरण शेवटीं वगळावें लागलें. दोन वर्षांची मेहनत गेली. परंतु गांवांतील विहिरींच्या पाण्याची पातळी नातवानें स्वतः मोजली होती. ते तक्ते त्यानें 'झेनोडो' नामक भांडारांत ठेविले. जिनीव्हाजवळील 'सर्न' ही संस्था २०१३ पासून तें चालविते, आणि क्रमांकाबद्दल दाम घेत नाहीं. क्रमांक आला त्या रात्रीं नातवानें तो एकेक अंक मोठ्यानें वाचला, आणि आम्हीं चष्मा लावून घरच्या जमाखर्चाच्या वहीच्या पहिल्या पानावर उतरून घेतला.