गळ्याचा रंग आणि शेपटीचं पीस



गेल्या महिन्यात आपल्या हॉस्टेलमधल्या एका ज्युनिअरने मला फोटो पाठवला. मेसच्या मागच्या कर्दळीवर बसलेला, वाकड्या चोचीचा, काळपट रंगाचा चिमुकला पक्षी. खाली लिहिलं होतं, "सर, आपल्याकडे पण हमिंगबर्ड!" मी कॅलिफोर्नियात राहतो आणि परसात हमिंगबर्डचे फोटो काढतो, हे त्याला कुणीतरी सांगितलेलं.

मी उत्तर लिहिलं, "अरे, हा शिंजीर आहे." हमिंगबर्डच्या साडेतीनशेहून अधिक जाती आहेत आणि त्या सगळ्या उत्तर व दक्षिण अमेरिकेतच सापडतात. भारतात एकही नाही. शिंजीर बहुतेक वेळा फांदीवर बसून मध पितो, क्वचित क्षणभर फुलासमोर तरंगतो. हमिंगबर्ड हवेत एका जागी थांबतो, उलटाही उडतो. (संध्याकाळी फुलांवर भिरभिरणारा 'हमिंगबर्ड' दिसला, तर तो बहुधा हॉक मॉथ नावाचा पतंग असतो!)

पण या निमित्ताने मला माझीच एक चूक आठवली. ती तुमच्याही उपयोगी पडेल, म्हणून हा लेख.

सॅन होजेला घर घेतलं तेव्हा परसात एक लिंबाचं झाड होतं आणि कुंपणाजवळ सेजची झुडपं. तिथे मी साखरपाण्याची बाटली टांगली. कृती सोपी आहे : चार वाट्या पाणी, एक वाटी साधी पांढरी साखर. लाल रंग घालायचा नाही, मध किंवा गूळ तर अजिबात नाही. उन्हाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी बाटली धुवायची, नाहीतर बुरशी धरते आणि पक्षी आजारी पडतात. दुसऱ्याच दिवशी पाहुणा हजर! वजन जेमतेम ४ ग्रॅम, लांबी १० सेंटिमीटर.

आता फोटो. पहिल्या शंभरात पंखांच्या जागी नुसता धूर. मग इंजिनिअर जागा झाला आणि पेन-कागद घेतला. पंख सुमारे ५ सेंटिमीटर लांब, एका फटक्यात साधारण १२० अंश फिरतो, सेकंदाला ४० वेळा पुढे-मागे. म्हणजे टोकाचा सरासरी वेग सेकंदाला ८ मीटरच्या वर! शटर १/५०० ठेवलं तर तेवढ्या वेळात टोक १७ मिलिमीटर सरकतं, १/४००० ठेवलं तर २ मिलिमीटर. शिवाय पंख दोन्ही टोकांना दिशा बदलताना क्षणभर थांबतो (लंबक आठवा), म्हणून तिथे फोटो स्पष्ट येतो आणि मध्यावर पुसट.

दुसरा मार्ग फ्लॅशचा. फ्लॅशची पॉवर कमी केली की प्रकाश मंद होतो असं आपल्याला वाटतं, पण बहुतेक साध्या फ्लॅशमध्ये खरं तर प्रकाशाचा वेळ कमी होतो. १/१६ पॉवरला तो झोत सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास असतो. बाकी दृश्य अंधारं ठेवलं, तर शटरचं काम फ्लॅशच करतो. ही युक्ती आपल्याच जातभाईंची आहे बरं का! एमआयटीतले इलेक्ट्रिकल इंजिनिअर हॅरॉल्ड एजर्टन यांनी स्ट्रोब फ्लॅश वापरून हमिंगबर्डचे पंख 'थांबवले'. क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट हे केमिकल इंजिनिअर १९४८ ते १९६२ ड्यूपाँट कंपनीचे अध्यक्ष होते. एवढा व्याप सांभाळून त्यांनी या पक्ष्यांचे फोटो काढले आणि १९६० साली त्यांच्यावर पुस्तक प्रसिद्ध केलं. आपल्याला मात्र सबमिशनमुळे वेळ मिळत नाही!

फोटो जमले, आता ओळख. इथे मी फसलो.

आमच्याकडे बारा महिने असतो तो अ‍ॅनाज हमिंगबर्ड. नराचा गळा आणि डोकं झगझगीत गुलाबी. पण हा गुलाबी रंग पिसात नसतोच. पिसाच्या आत मेलॅनिनच्या चपट्या, हवेचे बुडबुडे असलेल्या चकत्या थरावर थर रचलेल्या असतात. त्यांच्यावरून परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळून रंग तयार होतो. फर्स्ट इयरच्या फिजिक्समधलं इंटरफिअरन्स, किंवा पावसात रस्त्यावर सांडलेल्या डिझेलवर दिसतं ते इंद्रधनुष्य. म्हणून कोन बदलला की रंग जातो. समोरून गुलाबी दिसणारा गळा बाजूने चक्क काळा! काळा गळा म्हणून मी दोनदा अ‍ॅनाज नराला 'ब्लॅक-चिन्ड' ठरवलं. उन्हाळ्यात येणारा खरा ब्लॅक-चिन्ड तरंगताना शेपटी सारखी वरखाली हलवतो, अ‍ॅनाज ती बरीच स्थिर धरतो. म्हणजे रंगापेक्षा सवय जास्त भरवशाची.

खरी गंमत पुढे. तांबूस कुशीचे दोन जातभाई आहेत, रुफस आणि अ‍ॅलन्स. अ‍ॅलन्स मुख्यतः कॅलिफोर्नियाच्या किनारपट्टीवर वीण करतो. रुफस थेट अलास्कापर्यंत जातो आणि हिवाळ्यात मेक्सिकोकडे परततो. नराची पाठ तांबूस असली तर रुफस, हिरवी असली तर अ‍ॅलन्स, असं साधारण म्हणतात, पण काही रुफस नरांची पाठही हिरवी असते. माद्या आणि पिल्लं तर डोळ्यांनी वेगळी करणं जवळपास अशक्य. निकाल लागतो तो शेपटीच्या पिसांवर. रुफस नराच्या मधल्या जोडीशेजारच्या पिसाला टोकाशी खाच असते, अ‍ॅलन्सचं सर्वांत बाहेरचं पीस फार अरुंद असतं. त्यासाठी शेपटी पसरलेल्या क्षणाचा फोटो हवा.

२०२१ च्या डिसेंबरमध्ये एक तांबूस कुशीची मादी (किंवा पिल्लू) परसात आली. त्या महिन्यात आमच्या भागात हे दोन्ही पक्षी दुर्मीळ. मी चार दिवसांत चारशे फोटो काढले आणि पक्षीनोंदींमध्ये ठोकून दिलं : 'रुफस'. दोन दिवसांनी नोंदी तपासणाऱ्या स्वयंसेवकाचा अगदी नम्र प्रश्न आला : शेपटीचा फोटो आहे का?

चारशे फोटो पाहिले. सगळे गळ्याचे आणि डोळ्याचे! सुंदर, स्पष्ट, आणि या प्रश्नाला निरुपयोगी. पसरलेली शेपटी एकाही फोटोत नाही. तोपर्यंत पक्षी निघून गेला होता.

खरं सांगतो, पहिला विचार आला तो 'दे दडपून' असाच. 'पंख पसरले तेव्हा खाच दिसली होती' असं लिहिलं असतं तर कोण पाहायला आलं होतं? ही सवय कुठली, हे तुम्हाला सांगायला नको. प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री हॉस्टेलच्या खोलीत बसून आपण सगळेच जर्नलमधली रीडिंग्ज 'बसवतो'. आधी उत्तर ठरवायचं, मग त्याला साजेसे आकडे. मीही चार वर्षं तेच केलं.

पण जर्नलमधल्या खोट्या रीडिंगने फार तर एक ग्राफ सरळ येतो. इथे गोष्ट वेगळी होती. रुफसची संख्या गेल्या काही दशकांत खूप घटली आहे. २०१८ मध्ये आययूसीएनने त्याला 'धोक्याच्या जवळ' या गटात टाकलं. तो कुठे, केव्हा दिसतो हे माझ्यासारख्या हजारो हौशी लोकांच्या नोंदींवरूनही पाहिलं जातं. त्यात मी माझ्या हौसेपायी एक 'बसवलेला' पक्षी घालणार होतो.

मी नोंद बदलली : 'रुफस किंवा अ‍ॅलन्स'. तशी नोंद करायची सोय असते. ती चार अक्षरं कमीपणाची वाटली, पण माझ्या फोटोंवरून तेवढंच सिद्ध होत होतं.

तेव्हापासून माझे तीन नियम आहेत :

१) आवडेल तो फोटो नंतर, ओळख पटेल तो आधी. समोरून, बाजूने, पाठीवरून, आणि शेपटी पसरलेली.

२) चमकणाऱ्या रंगावर एकट्यावर भिस्त नको. आकार, सवय, महिना, ठिकाण, सगळं त्याच वेळी वहीत लिहायचं.

३) पुरावा संपतो तिथे नाव थांबवायचं.

तर आपल्या ज्युनिअरला मी फक्त 'शिंजीर' लिहिलं, कुठला ते लिहिलं नाही. लगेच त्याचा मेसेज : "सर, पण कुठला?" फोटो उजेडाविरुद्ध होता, सगळा पक्षी काळा. जांभळा शिंजीर असेल, किंवा लोटेनचा शिंजीर. लोटेनची चोच जास्त लांब व वाकडी आणि पोट तपकिरी. मी त्याला सांगितलं, "सकाळी सूर्य पाठीशी घेऊन उभा राहा. बाजूने चोच घे आणि खालून पोट. मग दोघं मिळून ठरवू."

कर्दळ मेसच्या मागेच आहे. सकाळच्या चहाला जाताना तुम्हीही दोन मिनिटं थांबून बघा. आणि हो, येत्या प्रॅक्टिकलला एक तरी रीडिंग जसं आलं तसं लिहा!