नवी कोरी गाडी, रंगात कचरा!

यवतमाळचं पांढरं सोनं मोटारीच्या कारखान्यातल्या एका विभागाला अजिबात चालत नाही. तो विभाग म्हणजे पेंट शॉप. कपड्यातून सुटलेला कापसाचा एक बारीक तंतू ओल्या रंगावर उतरला, की गाडी भट्टीतून निघेपर्यंत तो रंगाच्या पोटात पक्का बसतो. मग तुमच्या नव्या गाडीच्या बॉनेटवर उन्हात एक पुरळ चमकू लागतं. म्हणून तिथली माणसं तंतू न सोडणाऱ्या कृत्रिम धाग्याचा अंगभर सूट घालतात आणि आत शिरण्याआधी हवेच्या झोतात उभी राहून अंग झाडून घेतात.

डिओडरंट, केसांचं जेल, हाताला लावायचं क्रीम यांच्यावरही तिथे कडक नजर असते. त्यांतल्या काहींमध्ये सिलिकॉन असतं. त्याचा अंश पत्र्यावर पडला तर रंग त्या जागेवरून मागे सरकतो आणि गोल खळगा उरतो. कारागीर त्याला ‘फिश आय’ म्हणतात.

आणि रंगाआधीची शेवटची धूळ कोण टिपतं? अनेक मोठ्या कारखान्यांत चक्क शहामृगाची पिसं! पिसांचे फिरते रोलर बॉडीवरून जातात. धूळ पिसांत अडकते आणि पत्र्यावर ओरखडा उठत नाही.

इतकं करूनही कचरा बसतोच. पेंट लाइनच्या शेवटी झगझगीत दिव्यांच्या बोगद्यात तपासनीस प्रत्येक बॉडी डोळ्यांनी आणि हातांनी चाचपतात. बारीक कण सापडला तर तेवढीच जागा घासून पॉलिश करतात आणि गाडी पुढे जाते. म्हणजे तुमच्या हातात आलेली कोरी गाडीही एखाद्या ठिकाणी आधीच घासून आलेली असू शकते. यात लपवाछपवी नाही, जगभर हीच रीत आहे. प्रश्न सुरू होतो तो यानंतर: जे नजरेतून सुटलं ते तुम्ही कधी पकडता आणि पकडल्यावर काय करता?

दोन केसांच्या जाडीत सगळा संसार

पत्र्यावर आधी रसायनाचा पातळ थर. मग अख्खी बॉडी हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने चढवलेला ईडी कोट, जो गंजापासून वाचवतो. त्यावर प्रायमर, मग रंगाचा बेस कोट आणि सर्वांत वर बिनरंगी क्लिअर कोट. हे सगळं मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे हा सगळा डोलारा जेमतेम दोन केसांच्या जाडीत उभा आहे. त्यातला क्लिअर कोट ४० मायक्रॉनच्या आगेमागे. चमकही त्याची आणि उन्हाचा मारही तोच खातो.

मे महिन्यात यवतमाळात पारा ४३-४५ अंशांवर जातो, तेव्हा उन्हात उभ्या काळ्या गाडीचं बॉनेट ७० अंशांच्या पुढे तापतं. असल्या उन्हापुढे क्लिअर कोटचा एकेक मायक्रॉन मोलाचा आहे. ‘रबिंग मारून देतो साहेब, आरसा होईल’ असं कुणी म्हणालं की आधी हा आकडा आठवा. रबिंग म्हणजे याच कवचाचे काही मायक्रॉन खरवडणं. एकदा ठीक. दर दिवाळीला नको.

जाडी मोजायचं यंत्र हातात मावतं. लोखंडी पत्र्यावर ते चुंबकीय तत्त्वावर चालतं. सगळीकडे ११०-१२० आणि एकाच दारावर २५०-३०० आकडा दिसला, तर ते दार पुन्हा रंगवलेलं आहे अशी शंका घ्यायला हरकत नाही. आकडा आणखी चढला तर खाली लांबीही भरलेली असू शकते. चांगल्या डिटेलिंगवाल्याकडे हे यंत्र असतं. गाडी तपासायला जाल तेव्हा त्याला सोबत न्या.

संत्र्याची साल, विदर्भाबाहेरची

बॉनेटवर तिरपी नजर टाकली की रंग गुळगुळीत न दिसता बारीक खडबडीत दिसतो ना? याला जगभर ऑरेंज पील म्हणतात. फवाऱ्याचे थेंब एकमेकांत नीट मिसळायच्या आत रंग घट्ट झाला की ही लहर राहते. बॉनेट-टपापेक्षा दारांवर ती जास्त दिसते, कारण उभ्या पत्र्यावर रंग जाड मारला तर ओघळतो.

ही गोष्ट घेऊन शोरूममध्ये भांडायला जाल तर बहुतेक वेळा हात हलवत परत याल. कारखाने ही लहर प्रकाशाच्या यंत्राने मोजतात आणि ठरलेल्या मर्यादेत असेल तर तिला दोष मानत नाहीत. माझं मत स्पष्ट आहे: सगळीकडे सारखी असलेली ऑरेंज पील सोडून द्यावी. ती घालवायची तर बारीक पॉलिश पेपरने क्लिअर कोटचा वरचा भाग उतरवावा लागतो, आणि आपल्या उन्हात तो सौदा परवडत नाही. एका दारावर सालीसारखी लहर आणि शेजारच्या दारावर आरसा, असं मात्र दिसलं तर थांबा. तिथे नंतर कुणाचा तरी हात फिरला असण्याची शक्यता आहे.

बंपरचा रंग बॉडीपेक्षा किंचित वेगळा दिसणं हीसुद्धा नेहमीची तक्रार. बंपर प्लॅस्टिकचा. तो बॉडीसोबत तापवला तर वाकेल, म्हणून अनेकदा वेगळा, कमी तापमानाला रंगवला जातो. त्यात रंग मेटॅलिक असेल तर ॲल्युमिनियमचे कण कोणत्या कोनात बसले यावर छटा बदलते. सकाळी सारखी दिसणारी गाडी संध्याकाळी दोन रंगांची दिसू शकते.

ती भट्टी पुन्हा मिळत नाही

आता सर्वांत महत्त्वाचं. कारखान्यात ईडी कोट १६० ते १८० अंशांना भाजला जातो, वरचे थर १४० अंशांच्या आसपास. तेव्हा बॉडी नागडी असते: सीट नाही, वायरिंग नाही, काच नाही. तयार गाडी पुन्हा त्या भट्टीत घालता येत नाही, सगळं वितळेल. म्हणून शोरूमचं बॉडीशॉप असो की गावातला पेंटर, दोघेही दुसऱ्या जातीचा रंग वापरतात, जो हार्डनर मिसळून ६०-७० अंशांना किंवा उघड्या हवेत सुकतो. चांगल्या हातून तो सुंदर होतो, पण तो कारखान्याचा रंग नसतो.

त्यामुळे ‘एक कण आहे ना, अख्खा पॅनल नवा रंगवून देतो’ ही शोरूमची उदार ऑफर मला घातक वाटते. ज्वारीच्या दाण्याहून लहान कणासाठी भट्टीत भाजलेला मूळ रंग गमावायचा? कण क्लिअर कोटमध्ये असेल तर तेवढाच ठिपका घासून पॉलिश करून घ्या. खोल असेल आणि डोळ्यांत खुपत नसेल, तर राहू द्या. ओघळ, फिश आय, उघडा पडलेला प्रायमर, पॅनलभर फुगे असं काही असेल तर मात्र रंगवून घेण्यापेक्षा गाडीच बदलून मागा. ती मागायची वेळ एकच.

पासिंगच्या आधी!

एमएच-२९ ची पाटी लागली की डाव पालटतो. पासिंग झालेली गाडी कागदोपत्री तुमची झाली आणि ती परत घेणं विक्रेत्याला फार जड जातं. म्हणून तपासणी पूजेच्या दिवशी शोरूमच्या दारात करू नका. त्याच्या काही दिवस आधी, पासिंगला कागद जाण्यापूर्वी, यार्डात जाऊन करा. पूर्ण पैसे भरण्याआधी जमलं तर सोन्याहून पिवळं. पाडवा, दसरा, धनत्रयोदशी या दिवशी गाड्यांची रांग लागलेली असते, कुणालाच वेळ नसतो. मुहूर्त डिलिव्हरीचा साधा, तपासणीचा नको.

बघायची कशी? आधी गाडी धुवून मागा, कोरड्या फडक्याने पुसू देऊ नका. यार्डातल्या गाडीवर मुरूम-गिट्टीची कडक धूळ असते. त्यावर कोरडं फडकं मारलं की जाळ्यासारखे गोल ओरखडे उठतात. नव्या गाडीवरचे बरेच ओरखडे कारखान्यातले नसतात, अशाच पुसण्यातून आलेले असतात. सकाळच्या तिरप्या उन्हात एकदा बघा आणि सावलीत मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून पुन्हा एकदा. दारांच्या कडा, टपाच्या पट्ट्या, डिकीच्या झाकणाची आतली बाजू आणि पेट्रोलचं झाकण या जागा विसरू नका. झाकणाच्या रबरावर किंवा काचेच्या कडेवर रंगाची धूळ दिसली तर कुठेतरी टचिंग झालेलं आहे.

पांढऱ्या गाडीवर नारिंगी ठिपके दिसले तर लगेच गंज समजू नका. गाड्या रेल्वेनेही येतात. रुळांची आणि ब्रेकची लोखंडी धूळ रंगावर चिकटून गंजते आणि ठिपके सोडते. रंग खालून शाबूत असतो. लोखंड विरघळवणारं द्रव आणि क्ले बार, म्हणजे चिकणमातीसारखा मऊ गोळा, यांनी ते निघतात. खरखरीत स्पंजाने घासलं तर मात्र नवे ओरखडे पदरात पडतील.

चॅसी नंबरही बघा. १७ अक्षरांच्या त्या नंबरात गाडी कधी बनली ते दडलेलं असतं. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, कारण ती १ आणि शून्याशी गोंधळ करतात. वर्षभर यार्डात उन्हापावसात उभी राहिलेली गाडी ‘नवी’ म्हणून मिळते आहे का, हे तिथे कळतं.

गोव्याच्या एका ग्राहकाची लढाई इथे सांगायलाच हवी. त्याने २०११ च्या नव्या मोटारीचे पैसे मोजले, हाती आली २००९ ची गाडी. ती ६२२ किलोमीटर धावलेली, खालून गंजलेली आणि ओरखडे पडलेली होती. तो ग्राहक मंचात गेला आणि प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये निकाल लागला. गाडी बनवणाऱ्या टाटा मोटर्सवरची जबाबदारी निघाली, कारण विक्रेता कंपनीचा एजंट नव्हता, दोघांचा व्यवहार स्वतंत्र होता. विक्रेत्यावरची जबाबदारी मात्र राहिली. यातून घ्यायचं ते हे: दोष कारखान्यातला की यार्डातला, हे ठरवणारे पुरावे तुम्हीच पहिल्या दिवशी गोळा करायचे. तारखेसह फोटो काढा, डिलिव्हरीच्या कागदावर दोष हाताने लिहा, त्यावर सेल्समनची सही घ्या आणि त्याच दिवशी ईमेल करा. तोंडी आश्वासनाला पुढे कुणी ओळख देत नाही.

आठ लाखांच्या गाडीला दोनशे रुपये

गाडी नागपूरला घेतली म्हणून तक्रारही नागपूरला, असं नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. वणीचा, पुसदचा, उमरखेडचा माणूस यवतमाळच्या आयोगात जाऊ शकतो. पाच ते दहा लाखांच्या वस्तूला फी २०० रुपये, दहा ते वीस लाखांना ४०० रुपये. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मुदत दोन वर्षांची. दोष चाचणीशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू तपासायला पाठवू शकतो. टॅक्सी म्हणून घेतलेली गाडीही, ती स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवत असाल तर, या कायद्यात बसते. आयोगात जाण्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा.

आणि वॉरंटीच्या पुस्तिकेतला रंगाचा परिच्छेद डिलिव्हरीआधीच वाचा. पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक आणि दगडाने उडालेले टवके बहुतेक कंपन्या वगळतात.

कळंबच्या चिंतामणीला जाताना

नवी गाडी घेऊन कळंबच्या चिंतामणीला किंवा केळापूरच्या जगदंबेला जाणं आपल्याकडे ठरलेलं, आणि जायलाच हवं. फक्त बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढून ते उन्हात वाळू देऊ नका. हळद-कुंकू काचेवर वाहा, काच धुतली की झालं. हार बांधताना तार रंगाला लागू देऊ नका, सुतळी वापरा.

पक्ष्यांच्या विष्ठेचा त्रास फोर्डने इतका मनावर घेतला की प्रयोगशाळेत कृत्रिम विष्ठा बनवून ती रंगाच्या तुकड्यांवर फवारली आणि ते ४०, ५०, ६० अंशांना तापवून बघितले. आपल्या मे महिन्यात हा प्रयोग प्रत्येक कडुनिंबाखाली फुकट होतो. विष्ठा दिसली की ओलं फडकं तिच्यावर ठेवा, मऊ होऊ द्या आणि मग उचला. घासू नका.

गावात टचिंग करून घ्यायचंच असेल तर जागा बघून घ्या. जिनिंगचा हंगाम असेल, आणि पेंटरचं शेड उघडं, जिनिंगच्या वाऱ्याला असेल, तर कापसाची रुई ओल्या रंगावर येऊन बसणारच. हंगाम ओसरू द्या, किंवा बंद बूथ असलेल्या ठिकाणी यवतमाळ-अमरावतीला जा. रंगवण्याआधी धूळ दबावी म्हणून पेंटर जमिनीवर पाणी मारतो की नाही, हेही बघा. जो पेंटर न सांगता पाणी मारतो, त्याच्याकडे गाडी द्यायला हरकत नाही.