अमोनिया कुठून शिरतो?

आम्ल आणि अमोनिया एकत्र आले की अमोनियम क्षार तयार होतो, हे आपण शाळेत शिकलो. फळ्यावर समीकरण लिहिलं की प्रश्न संपला. पण त्या समीकरणात एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते: दोन्हीकडचे रेणू मोकळे आहेत आणि हव्या त्या बाजूने एकमेकांना भेटू शकतात. पाण्यात विरघळलेल्या आम्लाबाबत ते ठीक आहे. स्फटिकात मात्र प्रत्येक रेणूची जागा ठरलेली असते, त्याचं तोंड कुठल्या दिशेला हेही ठरलेलं. तो हलणार नाही. वायूनेच त्याच्यापर्यंत जायचं. मग वायू कुठून जातो?

१९७० च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात डेव्हिड कर्टिन आणि आयन पॉल यांनी हा प्रश्न धसाला लावला. त्यांची मूळ कृती सांगायला अगदी सोपी आहे. पॅरा-क्लोरोबेन्झॉइक आम्लाचा एकच स्फटिक घ्यायचा, त्याच्यावर अमोनिया सोडायचा आणि सूक्ष्मदर्शकातून पाहत राहायचं. स्फटिक आधी काचेसारखा पारदर्शक असतो. जिथे अभिक्रिया होते तिथे एकसंध स्फटिक मोडून क्षाराचे असंख्य बारीक स्फटिक होतात, त्यांच्यात प्रकाश विखुरतो आणि तो भाग दुधी दिसू लागतो. अभिक्रिया कुठवर आली, हे त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी कळतं.

वायू स्फटिकाला चहूबाजूंनी वेढून असतो. तेव्हा सगळ्यांत रुंद पृष्ठ आधी पांढरं पडावं, असं कोणालाही वाटेल. घडलं उलटंच. रुंद पृष्ठ जवळपास तसंच राहिलं आणि दुधी सीमा कडांवरून निघून आत सरकत गेली.

कारण रचनेत होतं. या आम्लाच्या रेणूचं एक टोक आम्लधर्मी कार्बोक्सिल गटाचं, दुसरं क्लोरीनचं. स्फटिकात दोन-दोन रेणू कार्बोक्सिलची टोकं एकमेकांना लावून हायड्रोजन बंधांनी जोडले जातात. अशा जोडीत आम्लाचा भाग मधोमध येतो आणि क्लोरीन दोन्ही बाहेरच्या टोकांना. या जोड्या थराथराने रचल्या जातात तेव्हा रुंद पृष्ठावर क्लोरीनचीच टोकं येतात, आणि अमोनियाला तिथे करण्यासारखं काही नसतं. कडेच्या पृष्ठांवर मात्र जोडीचा मधला भाग उघडा पडतो. पावसाळ्यात जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकाला ओल कुठून लागते ते आठवावं. मुखपृष्ठ शाबूत असतं, पानांच्या कडा फुगलेल्या असतात.

या दोघांनी पुढे पॅरा-ब्रोमोबेन्झॉइक अ‍ॅनहायड्राइडचा स्फटिक घेतला. त्याच्या एका अक्षाची दोन टोकं सारखी नसतात; अशा अक्षाला ध्रुवीय म्हणतात. अमोनियाने तिथे एका टोकाकडूनच आत शिरणं पसंत केलं. एकाच स्फटिकाला असं पुढचं दार आणि मागची भिंत असावी, याची मला आजही गंमत वाटते.

हे सारं वाचताना एक समजूत माझ्या मनात पक्की होती. रेणू जितके दाटीने बसलेले, तितका स्फटिक सुरक्षित. विरळ रचना असेल तिथे वायू शिरणार. ती समजूत इंडोमेथासिनने मोडली.

इंडोमेथासिन हे संधिवाताच्या दुखण्यावरचं जुनं औषध. तेही एक आम्लच. त्याची दोन स्फटिकरूपं चांगली परिचयाची आहेत, अल्फा आणि गॅमा. रेणू तोच, सूत्र तेच, फक्त मांडणी वेगळी. अमेरिकेतल्याच पर्ड्यू विद्यापीठातल्या स्टीफन बर्न आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये या दोन्ही रूपांवर अमोनिया सोडून पाहिला. अल्फा रूपाचा क्षार झाला. गॅमा रूपाला काहीही झालं नाही. आता घनता पाहा: अल्फाची दर घन सेंटिमीटरला सुमारे १.४० ग्रॅम, गॅमाची सुमारे १.३८. म्हणजे दाटीने बसलेलं रूप अमोनियाला बळी पडलं आणि विरळ रूप बचावलं! हे आकडे उलटे तर वाचले नाहीत ना, म्हणून मी पुन्हा पाहिले. उलटे नव्हते.

उत्तर पुन्हा रेणूंच्या बसण्यात आहे. गॅमामध्ये कार्बोक्सिल गट जोडीजोडीने बांधलेले असतात आणि रेणूंचे उरलेले, तेलकट स्वभावाचे भाग त्या जोडीला सगळीकडून वेढून टाकतात. अमोनिया बाहेरच्या आवरणाशी थांबतो. अल्फामध्ये तीन-तीन रेणूंचा गट असतो. दोघांची जोडी जमते. तिसऱ्याचा कार्बोक्सिल गट जोडीतल्या एका रेणूच्या वेगळ्याच भागाशी बंध करतो. या मांडणीत काही पृष्ठांवर कार्बोक्सिल गट उघडे राहतात, आणि अमोनिया त्याच दिशेने आत सरकतो. एकदा सुरुवात झाली की स्फटिक तुकड्यातुकड्यांनी मोडत जातो, नवे पृष्ठभाग उघडे पडतात आणि वाट आपोआप पुढे होत राहते.

तरी घनतेची माझी समजूत सर्वस्वी खोटी नव्हती. बर्न यांच्याच गटाने कॉर्टिसॉलच्या एका एस्टरची पाच स्फटिकरूपं तपासली होती. त्यांतलं एकच रूप प्रकाशात हवेतल्या ऑक्सिजनने बदलत होतं. त्या षट्कोनी रूपात लांबच लांब पोकळ्या आहेत, आधी अल्कोहोलने भरलेल्या. अल्कोहोल निघून गेलं की ऑक्सिजनला रस्ता मोकळा. तिथे खरोखरच मोकळ्या जागेने घात केला.

औषधाच्या वेष्टनावर नाव असतं, मात्रा असते, तारीख असते. आत कुठलं स्फटिकरूप आहे, हे आपल्याला तिथे वाचायला मिळत नाही. शिवाय ते रूप कायमचं असतं असंही नाही. गॅमा इंडोमेथासिन अतिथंड ठेवून दळलं की त्याची नीटस रचना कोसळते आणि अस्फटिक भुकटी उरते. २००२ च्या त्याच प्रयोगात अस्फटिक इंडोमेथासिनवरही अमोनिया सोडला होता. त्याचाही क्षार झाला.